स्पीकर अवघड असेल तर 4 ओमचा आकडा बघा

अँपच्या (अँप्लिफायरच्या) खोक्यावर ‘100 वॉट’ असं ठळक छापलेलं असतं, तो आकडा बहुधा 8 ओमचा, म्हणजे स्पीकरचा विद्युत रोध (इंपीडन्स) 8 ओम धरून दिलेला. अवघड, म्हणजे अँपला चालवायला जड जाणारा स्पीकर मात्र काही फ्रिक्वेन्सींना 3 ओमपर्यंतही उतरतो, आणि तिथे तेवढ्याच व्होल्टेजला अडीचपटीहून जास्त करंट लागतो. म्हणून 4 ओमचा आकडा शोधा. 8 ला 100 आणि 4 ला 180-200 असेल तर पॉवर सप्लाय (अँपला आतून वीज पुरवणारा भाग) दमदार. जेमतेम 120, किंवा आकडाच दिलेला नाही? पुढचं मॉडेल बघा.

मॅग्नेपॅन कंपनीच्या स्पीकरसारखे 4 ओमचे पॅनेल (पातळ, सपाट पडद्याचे) स्पीकर असतील तर आणखी एक गोम आहे. सेन्सिटिव्हिटी (ठरावीक सिग्नलला स्पीकर किती मोठा वाजतो तो आकडा) सहसा 2.83 व्होल्टला मोजतात. 8 ओमला तो 1 वॉट होतो, 4 ओमला 2. म्हणजे कागदावरचे 86 डेसिबल एका वॉटला 83च धरायचे.

100 ऐवजी 150 वॉटसाठी उगाच खिसा रिकामा करू नका, फरक दोन डेसिबलही नाही. अँप उचलून वजनही बघा, दमदार पॉवर सप्लाय सहसा जड असतो (क्लास डी, म्हणजे स्विचिंग तंत्राचे अँप सोडून, ते हलकेच असतात). जमलं तर आपल्याच स्पीकरवर जरा मोठ्या आवाजात अर्धा तास पखवाज ऐका. थाप ढिली पडली किंवा अँप प्रोटेक्शनमध्ये गेला (स्वतःला वाचवायला आपोआप बंद पडला), तर तो घेऊ नका.