क्रूड ग्लिसरॉलवर बायोसरफॅक्टंटचा प्रोजेक्ट घेताय? आधी बिनबॅक्टेरियाचा फ्लास्क हलवून बघा

गेल्या आठवड्यात ओळखीतल्या एका ज्युनिअर मुलीने फोटो पाठवला. फ्लास्कमध्ये कापसाच्या बोळ्यापर्यंत आलेला पांढराशुभ्र फेस आणि खाली "ताई, मिळाला आयसोलेट!" म्हणजे बायोसरफॅक्टंट, बॅक्टेरियाने केलेला साबणासारखा पदार्थ, देणारा बॅक्टेरिया सापडला. माझ्या पोटात गोळाच आला, कारण अगदी असाच फोटो मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या गाईडना पाठवला होता आणि पुढचे चार महिने त्या फेसामागे घालवले होते. म्हणून हे सगळं एकदाचं लिहून टाकते.

बेसिक तुम्हाला माहीत असणार. 100 किलो बायोडिझेल केलं की साधारण 10 किलो ग्लिसरॉल खाली बसतं, हेच क्रूड ग्लिसरॉल, ते काळपट, काकवीसारखं घट्ट असतं आणि तसंच्या तसं कोणी विकत घेत नाही. स्यूडोमोनास एरुजिनोसा त्यावर वाढून रॅम्नोलिपिड बनवतो, बॅसिलस सबटिलिस सरफॅक्टिन बनवतो, दोन्ही बायोसरफॅक्टंटच. आमच्याकडे रत्नागिरीच्या बाजूला बायोडिझेल उंडीच्या तेलाचं करायचे. किनाऱ्यावर उंडीची झाडं आहेतच, जुन्या लोकांनी हे तेल दिव्याला आणि होडीला वापरलंय, त्यामुळे "कोकणातला कच्चा माल, कोकणातला बॅक्टेरिया" हे टायटल सगळ्यांना आवडलं, मलाही आवडलं. बॅक्टेरिया मी जेटीजवळच्या डिझेल सांडलेल्या चिखलातून काढला होता, स्यूडोमोनास ओळखायच्या सेट्रिमाइड अगारवर मस्त हिरवा आला.

आणि रिझल्ट तर असे यायला लागले की विचारू नका. पेट्री डिशमध्ये पाणी, पाण्यावर इंजिन ऑइलचा पातळ थर, मधोमध सुपरनेटंटचा (बॅक्टेरिया खाली बसवल्यावर वर उरलेल्या पाण्याचा) एक थेंब टाकला की तेल फाटत कडेपर्यंत जायचं. पॅराफिल्मच्या मेणचट पट्टीवर थेंब उभा राहायचाच नाही, लगेच पसरायचा. सुपरनेटंटचा पीएच हायड्रोक्लोरिक ॲसिडने 2 वर आणून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला की सकाळी पांढरट साका. तो इथाइल ॲसिटेटमध्ये काढून, सुकवून, वजन करून मी वहीत लिटरमागे किती ग्रॅम ते लिहीत होते आणि आकडा पेपरमधल्या आकड्यांच्या जवळ जात होता.

जुलै होता, धो धो पाऊस. तीन फ्लास्क ऑटोक्लेव्ह केले, दोनात कल्चर टाकलं आणि लाईट गेली. लॅमिनारचा (निर्जंतुक हवेच्या कपाटाचा) ब्लोअर बंद, म्हणून तिसरा तसाच राहिला. लाईट आल्यावर घाईत तिन्ही शेकरवर चढवले आणि घरी गेले. तिसऱ्या दिवशी उतरवताना बघितलं तर तिसऱ्यातही फेस, बोळ्यापर्यंत. मला आधी वाटलं कंटॅमिनेशन झालं. प्लेटवर पसरवला, काही उगवलं नाही. मग त्यातला थेंब तेलावर टाकला आणि तेल फाटत कडेपर्यंत गेलं. मी कितीतरी वेळ ती डिश हातात धरून उभी होते.

तो साबण होता, बाकी काही नाही. आता हे जरा सविस्तर सांगते, कंटाळा आला तरी वाचा. बायोडिझेल करताना मिथेनॉलसोबत पोटॅशियम किंवा सोडियम हायड्रॉक्साइड टाकतात. तेलात मोकळी फॅटी ॲसिड असतील तर ती या अल्कलीशी मिळून सरळ साबण बनतात. उंडीच्या तेलात मोकळी फॅटी ॲसिड भरपूर असतात, म्हणून आधी ॲसिडची स्टेप करून ती कमी करायची असते, ती नीट झाली नाही की साबण जास्त. वड्या-भज्यांच्या जळक्या तेलाचंही तेच. हा साबण ग्लिसरॉलच्या थरात उतरतो. म्हणजे तुम्ही मीडियात 3 टक्के क्रूड ग्लिसरॉल टाकलं तेव्हाच सरफॅक्टंट टाकलेलं असतं, बॅक्टेरिया जायच्या आधी. साबण फेस करणार, थेंब पसरवणार, तेल ढकलणार, केरोसीनचं इमल्शनही धरून ठेवणार. आणि सगळ्यात घातक गोष्ट ही की पीएच 2 वर नेला की रॅम्नोलिपिड जसं खाली बसतं तसाच साबण फुटून त्याची फॅटी ॲसिड वेगळी होतात, तीही पांढरट, तीही इथाइल ॲसिटेटमध्ये जातात. मी चार महिने उंडीच्या फॅटी ॲसिडचं वजन करत होते. आणखी एक म्हणजे मीडियातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा चोथा होतो, खाऱ्या विहिरीच्या पाण्यात आंघोळ करताना होतो तसा, आणि तो गढूळपणा ओडीमध्ये, म्हणजे गढूळपणावरून वाढ मोजतात त्यात, बॅक्टेरियाची वाढ म्हणून मोजला जातो.

यात मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. आमच्या लॅबमध्ये काचसामान धुणारे काका होते. ते मे महिन्यातच म्हणाले होते, "अगो, तुझ्या बाटल्यांना साबणच लावायला लागत नाय, नुसत्या पाण्यान फेस येतो." मी हसून सोडून दिलं. गाईड महिन्यातून एकदा ग्राफ बघायचे, सीनिअरने आपली फाइल दिली होती आणि मी ती प्रोटोकॉल म्हणून जशीच्या तशी उतरवली. त्या फाइलमध्ये ब्लँक, म्हणजे तुलनेला बिनबॅक्टेरियाचा फ्लास्क, नव्हता, कारण त्याने शुद्ध ग्लिसरॉल वापरलं होतं, त्याला फारशी गरज पडली नाही. सीनिअरची फाइल घेऊन काम सुरू करू नका, हे माझं ठाम मत आहे, कोणाला राग आला तरी. आणि लॅबमध्ये रोज हात घालणारा माणूस काही बोलला तर ते वहीत तारखेसकट लिहा.

आता साफ कसं करायचं. क्रूड ग्लिसरॉलमध्ये ॲसिड हळूहळू, ढवळत टाका, मी फॉस्फोरिक वापरलं. पीएच 2 च्या आसपास आला की सेपरेटिंग फनेलमध्ये रात्रभर ठेवा. वर काळा तेलकट थर येतो ती फॅटी ॲसिड, खाली ग्लिसरॉल, तळाला क्षार. मधलं घ्यायचं. एकदा केल्यावर वास आणि रंग दोन्ही उतरतात, मी दोनदा करते. मग मिथेनॉल उडवायचं, ते 65 अंशाच्या आसपास उकळतं. हे फ्यूम हूडमध्येच करा, बर्नर नको, वॉटर बाथ वापरा. मिथेनॉलची ज्योत उजेडात दिसतसुद्धा नाही आणि वाफ विषारी आहे, "थोडंसंच आहे" म्हणून बाकावर बीकर तापवणारी मुलं मी पाहिली आहेत, कृपा करून करू नका. शेवटी पीएच 7 ला आणून गाळून घ्या.

त्यानंतर प्रत्येक खेपेला चार फ्लास्क लावा: शुद्ध ग्लिसरॉल बॅक्टेरियासकट आणि बॅक्टेरियाशिवाय, साफ केलेलं क्रूड बॅक्टेरियासकट आणि बॅक्टेरियाशिवाय. आणि शून्य तासाचं सॅम्पल काढा! मी 24 तासांपासून सुरुवात करत होते, शून्याला एक थेंब तेलावर टाकला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. बिनबॅक्टेरियाच्या फ्लास्कलाही सेंट्रिफ्यूज, ॲसिड, इथाइल ॲसिटेट, वजन, सगळं करायचं, नुसता कोपऱ्यात ठेवून उपयोग नाही.

खात्रीसाठी टीएलसी, म्हणजे प्लेटवर द्रावक चढवून पदार्थांचे डाग वेगळे करणं. द्रावक म्हणजे क्लोरोफॉर्म, मिथेनॉल, ॲसेटिक ॲसिड 65:15:2. माझ्या जुन्या साक्याचा डाग आयोडीनच्या बरणीत वरच्या टोकाला छान पिवळा-तपकिरी दिसला आणि दुसऱ्या प्लेटवर ऑर्सिनॉल (साखर असली की रंग देणारं रसायन) मारून तापवलं तर साखरेचा रंगच नाही. फॅटी ॲसिडमध्ये रॅम्नोज, म्हणजे रॅम्नोलिपिडमधली साखर, नसते, रंग कुठून येणार. ऑर्सिनॉलने 421 नॅनोमीटरला मोजणार असाल तर तिथेही ब्लँक हवाच, कारण क्रूडचा स्वतःचा तपकिरी रंग मध्ये येतो.

बॅक्टेरियाबद्दल थोडं. स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जखमेत, कानात, फुप्फुसात शिरणारा जंतू आहे. लावणीच्या दिवसांत हातापायाला चिरा पडलेल्या असतात, तशा हाताने ग्लोव्हजशिवाय काम करू नका. गाईड लोकांना "नवीन आयसोलेट" हवा असतो, पण नवख्याने पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंदीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीवांच्या संग्रहांकडून ओळखीचा स्ट्रेन घेऊन आधी पद्धत बसवावी असं माझं मत. चिखल कुठे पळून जात नाही. बॅसिलस सबटिलिसने सुरुवात केलीत तर अजून बरं, फक्त त्याचे स्पोअर लॅबभर होतात आणि सरफॅक्टिनमध्ये रॅम्नोज नसल्यामुळे ऑर्सिनॉल तिथे चालत नाही.

बारीकसारीक: नायट्रोजन कमी पडला की रॅम्नोलिपिड वाढतं म्हणून नायट्रेट मोजून द्या. 250 च्या फ्लास्कमध्ये 50 मिलीच घ्या, नाहीतर बोळा भिजून कंटॅमिनेशन. अँटीफोम घालू नका, सगळी मापं बिघडतात. पूर्ण प्रोजेक्टला एकाच ड्रमचं ग्लिसरॉल भरून ठेवा, कारण दोन ड्रम सारखे नसतात.

हा माल सारखा नसणं ही खरी अडचण आहे आणि नोकरीच्या दृष्टीनेही ती समजून घ्या. एव्होनिक या जर्मन केमिकल कंपनीने 2024 मध्ये स्लोव्हाकियात रॅम्नोलिपिडचा मोठा प्लांट सुरू केला, तो मक्याच्या साखरेवर चालतो. म्हणजे क्षेत्र खरं आहे, डिटर्जंट आणि कॉस्मेटिकवाल्यांना माल हवा आहे, पण टाकाऊ ग्लिसरॉल सारख्या दर्जाचं करून देणारा माणूस अजून हवाय. मला ग्लिसरॉल साफ करायला येतं, हे इंटरव्ह्यूमध्ये माझ्या आयसोलेटपेक्षा जास्त विचारलं गेलं.

दुसऱ्या खेपेला माझा आकडा पहिल्याच्या तुलनेत खूपच खाली आला. साका बोटाच्या नखाएवढा. पण ब्लँकमध्ये जवळपास काही नव्हतं आणि ऑर्सिनॉलच्या प्लेटवर दोन डाग आले, वरचा मोनो-रॅम्नोलिपिडचा (एक रॅम्नोज), खालचा डाय-रॅम्नोलिपिडचा (दोन). त्या प्लेटचा फोटो मी गाईडच्या आधी काकांना दाखवला.

आणि ज्यांचं सगळं काम ब्लँकशिवाय होऊन बसलंय, सबमिशन महिन्यावर आहे, त्यांनी घाबरू नका. जुने साके फ्रीजमध्ये असतील तर त्यांची टीएलसी करा, एका दिवसाचं काम आहे. त्याच ड्रमच्या ग्लिसरॉलचा एक बिनबॅक्टेरियाचा फ्लास्क लावून शेवटपर्यंत न्या आणि त्याचं वजन जुन्या आकड्यांशेजारी थीसिसमध्ये छापा. फरक छोटा आला तरी छापा. फक्त त्या ड्रमाला आत्ता जाऊन नाव चिकटवा, गणपतीच्या सुट्टीत लॅब आवरताना कोणीतरी तो ओतून टाकायच्या आत.