जुनी चांदीची नाणी साठवताना या चुका टाळा

चांदीचा भाव चढला की कोकणात माळ्यावरच्या पेट्या खाली येतात. रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या जुन्या घरांतून राणीछाप आणि राजाछाप रुपये, अधेल्या (अर्धे रुपये), पावल्या (पाव रुपये) आजही निघतात, आणि चांदीच्या मोलासाठी ही नाणी जपून ठेवण्याचा विचार अगदी योग्य आहे. मात्र घाईमुळे होणाऱ्या त्याच त्या चुका वर्षानुवर्षे पाहत आल्यामुळे त्यांविषयी एकदा सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे साल न पाहता सगळी नाणी एकाच तराजूत टाकणे. ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा असे. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी आहे, म्हणजे न झिजलेल्या नाण्यात सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी भरते. दुसऱ्या महायुद्धात चांदीची चणचण भासू लागल्यावर सरकारने १९४० मध्ये हे प्रमाण ५० टक्क्यांवर आणले आणि उरलेल्या भागात तांबे, निकेल व जस्त घातले. वजन तेच राहिले, नाण्यावरचा राजाही तोच राहिला, पण चांदी ५.८३ ग्रॅमवर आली. १९४७ चा वाघाचा रुपया तर निव्वळ निकेलचा आहे.

कुडाळ तालुक्यातील माझ्या परिचयाच्या एका घरात या अज्ञानाची मोठी किंमत मोजावी लागली. गणपतीला मुंबईहून आलेल्या पुतण्याने आजीने जपलेला रुपयांनी भरलेला तांब्या उचलला, एका पेढीवर नेला आणि परतीची गाडी चुकू नये म्हणून सर्व नाणी तिथल्या तिथे मुशीत घालून वितळवण्यास संमती दिली. लगडीचा टंच (चांदीच्या शुद्धतेची टक्केवारी) ६५ च्या आसपास निघाला, त्यावर घट (वितळताना होणारी तूट) धरली गेली आणि हातात आलेली रक्कम पाहून घरात मोठा वाद झाला, कारण राणीछाप म्हणजे नव्वदच्या वरची चांदी एवढेच सर्वांना ऐकून माहीत होते. लक्ष्मीपूजनासाठी देव्हाऱ्यात ठेवलेला एकच रुपया उरला होता. तो मी उजेडात धरून पाहिला. साल १९४४ होते, राजाच्या गालावर, जेथे बोटे लागून पृष्ठभाग झिजतो तेथे, पिवळसर-तांबूस झाक आली होती, आणि कडेवरच्या दातांच्या मधोमध युद्धकाळातील रुपयांवर असते ती बारीक खाच स्पष्ट दिसत होती. तांब्यातील साधारण दोन तृतीयांश रुपये याच जातीचे असतील, तर ६५ चा टंच बरोबर ठरतो. तसे नसेल, तर त्या घराची फसवणूक झाली. यांपैकी खरे काय, हे आता कोणीही सांगू शकणार नाही, कारण मोजण्यासाठी नाणीच उरलेली नाहीत. अर्ध्या तासाच्या घाईने आजीच्या हयातभराच्या साठ्याचा हिशेब कायमचा पुसला गेला, याचे मला आजही वाईट वाटते.

यावर माझी पद्धत अगदी साधी आहे. पांढऱ्या कापडावर १९३९ पर्यंतची, १९४० ते १९४५ ची आणि त्यानंतरची असे तीन ढीग करावेत, प्रत्येक नाण्याचे साल आणि वजन वहीत लिहावे, आणि ही वही सोबत घेतल्याशिवाय सोनाराकडे जाऊ नये. १९४० च्या पावल्या आणि अधेल्या दोन्ही प्रमाणांत आढळतात, म्हणून त्यांचा टंच स्वतंत्र काढून घ्यावा. जुन्या चवल्यांपैकी (दोन आण्यांच्या नाण्यांपैकी) १९१७ पर्यंतच्याच चांदीच्या आहेत. त्यानंतरच्या चौकोनी चवल्यांत तांबे आणि निकेल आहे.

दुसरी चूक घासण्याची, आणि ती पाहून मला खरोखर राग येतो. आमसुलाचे पाणी, चिंच, राख, रांगोळी, दंतमंजन, जे हाती लागेल त्याने नाणे लखलखीत केले जाते. नाण्यावरचा काळपट थर गंधकाच्या संयोगाने चांदीवरच तयार होतो आणि तो घासताना थोडी चांदीही निघून जाते. आम्ल नाण्यातील तांब्याला खाते, तर राखेचे आणि रांगोळीचे कण अक्षरांच्या कडा बोथट करून बारीक ओरखडे पाडतात, जे पुन्हा कधीही भरून येत नाहीत. नाणे वितळवायचेच असेल तर सोनाराला चकाकीची गरज नाही. नाणे ठेवायचे असेल तर संग्राहक घासलेल्या नाण्याला निम्मी किंमतही देईलच असे नाही. चांदीचा भाव ही नाण्याची किमान किंमत आहे, आणि त्यावर मिळू शकणारी रक्कम आपण आपल्या हातांनी घासून टाकतो. चिखल लागलेला असेल तर मी नाणे फक्त साध्या पाण्यात भिजवतो आणि मऊ सुती कापडावर, न चोळता, टिपून घेतो.

लोहचुंबकावर विसंबू नये. चुंबकाला चिकटलेले नाणे चांदीचे नाही, हे खरे. पण जर्मन सिल्व्हर ही चांदीसारखी दिसणारी मिश्रधातूही चिकटत नाही आणि त्यात चांदीचा अंशही नसतो. वजनकाटा अधिक प्रामाणिक आहे.

१९६९ चे गांधीजींचे १० रुपयांचे नाणे १५ ग्रॅमचे असून त्यात ८० टक्के चांदी आहे. त्याच वर्षीचा गांधीजींचा एक रुपया निकेलचा आहे. पिवळ्या वीस पैशांत सोने असल्याची वदंता निराधार आहे, ती तांब्याची मिश्रधातू आहे. १८६२ साल पाहून नाणे दुर्मीळ समजू नये, कारण तेच साल १८७४ पर्यंत छापले जात होते. १८१८ सालाचे, राम किंवा हनुमान असलेले कंपनीचे नाणे म्हणून जे विकले जाते, ते कंपनीने कधीही काढलेले नाही. हारासाठी कडी डाकलेला रुपया वजनावरच विकला जातो, आणि त्या वजनातून डाकाचे (कडी जोडण्यासाठी लावलेल्या धातूचे) वजन वजा धरावे. चलनातील नाणी वितळवणे २०११ च्या नाणे कायद्यानुसार गुन्हा आहे.

साठवणुकीबाबत आपल्या किनाऱ्यावर विशेष दक्षता लागते, कारण खारा वारा आणि चार महिन्यांची ओल चांदीला मानवत नाही. रबर बँडमधील गंधकाने नाण्यावर काळे पट्टे उठतात, आणि मऊ प्लास्टिकच्या पाकिटात काही वर्षांनी हिरवा चिकट थर धरतो. मी प्रत्येक नाणे स्वच्छ पांढऱ्या कागदात गुंडाळून, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवतो आणि ती बरणी पावसाळ्यात उघडत नाही. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की पुड्या बदलतो.

घराचा पाया किंवा विहीर खणताना नाणी सापडली, तर त्यांना पेटीतल्या नाण्यांचा नियम लागू होत नाही. जमिनीत दडलेले, दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते, आणि तसे कळवण्यापूर्वी त्यातील एकही नाणे सोनाराकडे नेऊ नये.