स्वस्त आयात प्लाय: घ्यावा कसा, लावावा कुठे

आखाजीच्या आधी जळगाव-धुळ्याकडच्या छोट्या वर्कशॉपांवर लग्नाच्या ऑर्डरी एकदम येऊन पडतात. कपाट, दिवाण, ड्रेसिंग टेबल, सगळं एकाच महिन्यात. गिऱ्हाईक घासाघीस करतं आणि दुकानदार म्हणतो, "हा बाहेरचा माल बघा, फुटाला पंचवीस रुपये कमी पडेल." हा आयात प्लाय घ्यायचा असेल तर तो कसा तपासायचा, कुठे लावायचा आणि कुठे अजिबात लावायचा नाही, ते पुढे दिलंय. करवत, ड्रिल, गुण्या, व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) आणि धारदार पटाशी तुमच्याकडे आहे हे धरून चालतो.

१. देश आणि रंग बघून ठरवू नका

"चायनाचा माल म्हणजे कचरा, आपला माल म्हणजे पक्का" असं सांगणाऱ्याने आपला माल कशाचा बनतो ते बघितलेलं नसतं. यमुनानगरच्या बऱ्याचशा प्लायच्या पोटात पॉप्लर आणि निलगिरीच असते. चीनच्या लिनयी भागातला प्लायही मुख्यतः पॉप्लरचाच. व्हिएतनाम आणि नेपाळचा मालसुद्धा चांगला-वाईट दोन्ही येतो. फरक कोअरच्या (आतल्या थरांच्या) पट्ट्या किती नीट मांडल्या, गोंद कोणता आणि किती वापरला यात असतो, आणि तो बाहेरून दिसत नाही. उलट आयात माल बहुतेक वेळा कॅलिब्रेट केलेला (यंत्रावर घासून एकसारख्या जाडीचा), गुळगुळीत असतो, त्यामुळे दुकानात तोच जास्त देखणा दिसतो.

लाल फेस (सगळ्यात वरचा पातळ थर) म्हणजे गर्जनचं लालसर टणक लाकूड, हे तर विसराच. म्यानमारने २०१४ मध्ये कच्च्या ओंडक्यांची निर्यात बंद केल्यापासून अस्सल गर्जनचा फेस महाग झालाय. स्वस्त शीटवरचा लाल रंग बहुतेक वेळा नुसता रंगच असतो. "सेमी गर्जन", "अल्टरनेट", "कमर्शियल" ही दुकानातली नावं आहेत. त्यावरून गोंद कळत नाही.

२. हिशेब शीटचा नको, कपाटाचा करा

सात फूट उंच, चार फूट रुंद, दोन फूट खोल असं दोन दारांचं कपाट घ्या. १९ मिमीच्या चार शीट लागतात. एकीतून दोन दारं, दुसरीतून दोन बाजू, तिसरीतून मधला उभा पडदा आणि उरलेल्या अर्ध्यातून तीन-चार फळ्या, चौथीतून वरचा-खालचा तळ आणि राहिलेल्या फळ्या. पाठीला ६ मिमीची एक शीट वेगळी. चार शीट म्हणजे १२८ चौरस फूट. फुटाला २५ रुपये फरक धरला तर सगळा स्वस्त माल लावून वाचतात ३,२०० रुपये.

आता यात स्वस्त माल बिनधास्त कुठे चालतो? बिजागरी आणि स्क्रूचा भार दारं, बाजू आणि मधला पडदा यांच्यावर येतो, म्हणजे पहिल्या तीन शीट चांगल्याच हव्यात. राहिली चौथी. बचत ८०० रुपये, पाठीच्या शीटचे वेगळे. "अर्धा चांगला, अर्धा स्वस्त लावा, निम्मे पैसे वाचतील" हा सल्ला म्हणूनच कागदावरचा आहे, प्रत्यक्षात निम्म्याच्या जवळपासही वाचत नाही. एक दार लोंबलं आणि भुसावळहून पारोळ्याला मिस्त्री पाठवावा लागला की ते ८०० गेलेच समजा.

स्वस्त माल पाठीला, ड्रॉवरच्या तळाला, दिवाणाच्या पेटीतल्या आडव्या भागांना लावा. फळीला लावला तर दोन फुटांपेक्षा लांब आधाराशिवाय ठेवू नका. त्याहून लांब असेल तर पुढच्या कडेला खालून सागाची एक इंची पट्टी मारा, नाहीतर पुस्तकं आणि गोधड्यांच्या वजनाने फळी मध्ये झोळते.

३. शिक्का आणि बिल

२०२५ पासून प्लायला आयएसआय मार्क सक्तीचा झालाय, बाहेरून येणाऱ्या मालालाही. मार्कच्या वर मानकाचा क्रमांक असतो: सर्वसाधारण प्लायला आयएस ३०३, मरीनला (सगळ्यात जास्त पाणी सोसणाऱ्या प्लायला) आयएस ७१०. खाली सीएम/एल क्रमांक, म्हणजे कंपनीचा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) केअर ॲपमध्ये टाका. कंपनीचं नाव, पत्ता आणि माल शीटवरच्या शिक्क्याशी जुळला पाहिजे. नंबर निघतो पण कंपनी दुसरीच, असा शिक्का असेल तर पुढे बोलूच नका.

बिलावर नुसतं "प्लाय १९ मिमी" नको. ग्रेड (एमआर म्हणजे ओलावा सोसणारा, बीडब्ल्यूआर म्हणजे उकळतं पाणी सोसणारा, की ७१०), जाडी, ब्रँड आणि एचएसएन ४४१२ (जीएसटीतला प्लायचा कोड) लिहून घ्या. "पंचवीस वर्षं गॅरंटी" तोंडी असेल तर तिचा उपयोग नाही.

४. गाडीतून उतरवताना

व्हर्निअर चारही कोपऱ्यांत आणि चारही कडांच्या मध्यावर लावा. आयएस ३०३ मध्ये ६ मिमी आणि त्याहून जाड प्लायला पाच टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे १९ मिमीची शीट १८.०५ च्या खाली जाता कामा नये. स्वस्त मालात १७ आणि साडेसतरा सर्रास सापडतात. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणून वाक बघा. एक शीट वजन करा: १९ मिमीची आठ बाय चार शीट पॉप्लरची असेल तर २८ किलोच्या आसपास भरते, हार्डवूडची ४० च्या जवळ जाते. हार्डवूडचे पैसे मोजून ३० किलो उचलत असाल तर ते तिथेच बोला.

५. एक शीट कापून बघा

गडबड होते ती इथेच. कडा बघून कोअर ओळखता येतो असं सांगतात, आणि तिथेच सगळे फसतात. स्वस्त मालाच्या कडांच्या फटी कारखान्यातच पुट्टीने भरून वर रंग मारतात. टकटक वाजवून पोकळी कळते हाही तसाच समज. मोठी पोकळी कळेल, पण त्रास देणाऱ्या फटी बोटभर रुंदीच्याही नसतात. शीट मधून कापल्याशिवाय कळत नाही.

दुकानदार म्हणतो, कापलेली शीट परत घेणार नाही. त्याचं बरोबर आहे. म्हणून सगळा लॉट एकदम उचलू नका. आधी एक शीट विकत घ्या, कापा, मग बाकीचा माल त्याच लॉटमधून मागा. कापलेली शीट वायाही जात नाही: लांबीत मधोमध कापली की दोन फुटी दोन पट्टे मिळतात, ते सात फुटांवर आडवे कापले की, माल चांगला निघाला तर, कपाटाच्या दोन बाजू तयार. उरलेले एक-एक फुटाचे दोन तुकडे चाचणीला. लांबीचा आणि आडवा असे दोन्ही काप हातात असतात हे महत्त्वाचं, कारण एका दिशेच्या कापात फक्त निम्म्या थरांच्या फटी दिसतात.

आता काप उजेडात धरा आणि हे बघा.

थर मोजा. थर सहसा विषम असतात. १९ मिमीला नऊ किंवा अकरा, चांगल्या मालात तेराही. सात जाड थर असतील तर प्लाय स्वस्तात बसवलाय.

फट म्हणजे एका थरातल्या दोन पट्ट्यांमधली रिकामी जागा. एक मिमीच्या आतली फट दोन-चार ठिकाणी असली तर चालवून घ्या. पटाशीचं टोक आत शिरत असेल तर तो माल दाराला नको. याचं कारण बिजागरी. ऑटो हिंजची (दारात वाटी बसवून लावायच्या बिजागरीची) वाटी ३५ मिमी व्यासाची आणि साधारण १२ मिमी खोल. १९ मिमीच्या दारात खाली सातच मिमी उरतात, आणि वाटीचे दोन छोटे स्क्रू नेमक्या मधल्या थरांत बसतात. तिथे फट आली की स्क्रू घट्ट केल्यासारखा वाटतो, पण पकड नसते. दोन-तीन महिन्यांत दार खाली येतं आणि दोष मिस्त्रीला लागतो.

चढण म्हणजे एका पट्टीवर दुसरी पट्टी चढलेली. फटीपेक्षा लोक हिच्याकडे जास्त दुर्लक्ष करतात, आणि मायका लावलेल्या दारावर हीच जास्त दिसते. प्रेसमध्ये चढलेला भाग दाबून सपाट होतो. पुढे हवेतला ओलावा लागला की तो हळूहळू वर येतो आणि चकचकीत मायक्यावर, खिडकीच्या तिरप्या उजेडात, सरळ उभी रेघ उमटते. ती घासून किंवा पॉलिशने जात नाही. दाराला लावायच्या शीटमध्ये चढण सापडली तर ती शीट फळीला वापरा, दाराला नाही.

फेसची जाडीही बघा. स्वस्त मालाचा फेस कागदासारखा असतो. रंधा किंवा सँडर फिरवला की खालचा थर डोकावतो. मायका लावणार असाल तर चालेल, पॉलिश करणार असाल तर नाही.

शेवटी स्क्रू. एक फुटाच्या तुकड्यावर २.५ मिमीचं छिद्र पाडा, १६ मिमीचा स्क्रू हाताने घट्ट करा, काढा, पुन्हा त्याच छिद्रात घट्ट करा. तीनदा. तिसऱ्यांदा स्क्रू गिरक्या घेत असेल तर या मालावर बिजागरी टिकणार नाही. ही चाचणी ड्रिल-ड्रायव्हरने करू नका. क्लच आवाज करतो, पकड सुटली ते हाताला कळत नाही.

६. उकळून बघणं

इथेही उलटसुलट सल्ले भरपूर. कोणी अर्धा तास उकळून "पास" म्हणतं, कोणी एमआर प्लाय उकळून "बोगस" म्हणतं. दोन्ही चूक.

एमआर प्लायचा गोंद युरियाचा असतो आणि तो उकळत्या पाण्यासाठी बनलेलाच नसतो. त्याला साठ अंशांच्या आसपासच्या पाण्यात तीन तास ठेवा, वाळवा, असं तीनदा करा. बीडब्ल्यूआरला मात्र आठ तास उकळा. आयएस ७१० च्या प्रमाण चाचणीत ७२ तास उकळतात. ते वर्कशॉपात कोणी करत नाही, पण आठ तासांतच सुटला तर ७१० चा शिक्का खोटा आहे हे तेवढ्यातच कळतं.

तीन-तीन इंचांचे चार तुकडे घ्या, दोन शीटच्या मध्यातले, दोन कडेचे. जुन्या स्टीलच्या डब्यात टाका आणि वर दगड किंवा लोखंडाचा तुकडा ठेवा, कारण ते तरंगतात आणि अर्धे बाहेर राहतात. पाणी कमी झालं की गरमच पाणी घाला. कुकर वापरू नका. तुकडे त्याच पाण्यात थंड होऊ द्या.

मग गोंदाच्या रेषेत पटाशी घालून थर उकला. लाकडाचे तंतू तुटून दोन्ही बाजूंना चिकटलेले दिसले तर गोंद चांगला. थर गुळगुळीत, स्वच्छ सुटले तर गोंद गेला. गोंदाची रेष काळपट आहे म्हणून खूश होऊ नका. फिनॉलचा गोंद काळपट असतो हे खरं, पण युरियाच्या गोंदात रंग मिसळून तसाच दाखवणारेही आहेत. पाणी लालभडक झालं तर फेस रंगवलेला आहे. फिकट तपकिरी झालं तर एवढ्यावरून काही ठरवू नका, निलगिरीही पाण्यात रंग सोडते.

खान्देशात ही चाचणी किचनपुरती नाही. चार महिने हॉलमध्ये डेझर्ट कूलर चालतो, त्याचा ओला झोत कपाटावर येतो, टाकीतून पाणी सांडतं, फरशी रोज पुसली जाते. एमआर प्लायचं कपाट आधी खालच्या चार इंचांत फुगतं. म्हणून तळाची पट्टी आणि पाय बीडब्ल्यूआरचे किंवा सागाचे करा, वरचं काहीही असो.

७. ठेवणं आणि लावणं

पत्र्याच्या शेडमध्ये, पत्र्याला लागून शीट उभ्या ठेवू नका. मेच्या उन्हात त्या आठवड्यात वाकतात. सावलीत, दोन-दोन फुटांवर पट्ट्या टाकून आडव्या रचा आणि आठवडाभर हवा खाऊ द्या. ओलावा मीटर असेल तर मानकातली मर्यादा ५ ते १५ टक्के आहे. उन्हाळ्यात १२ च्या वर असलेल्या शीटची दारं लगेच करू नका.

दाराला मायका दोन्ही बाजूंना लावा. बाहेर १ मिमी, आत ०.८ चा लायनर (आतल्या बाजूचा साधा मायका). एकाच बाजूला लावलेलं दार वाकणार, प्लाय कितीही महाग असो, आणि नेमकी हीच तक्रार "माल खराब" म्हणून परत येते. सगळ्या कापलेल्या कडा, बिजागरीच्या वाटीची आतली बाजूसुद्धा, पट्टी किंवा सीलरने बंद करा. काळ्या मातीतल्या घरांत वाळवी भिंतीतून येते, म्हणून कपाट भिंतीपासून एक इंच सुटं बसवा आणि पाठीच्या कडेलाही वाळवीचं औषध मारा.

चाचणीतले उरलेले तुकडे टाकू नका. त्यावर बिलाचा नंबर, लॉट आणि तारीख मार्करने लिहून ठेवा. दुसऱ्या खेपेचा माल आला की त्यातला तुकडा शेजारी धरा. ब्रँड तोच असला तरी कोअर बदललेला असतो, आणि तसा असेल तर पाचव्या पायरीपासून पुन्हा सुरुवात.