प्रत्येक विषयाचा निबंध वेगळा असतो, हे मला दहावीत कळलं

मी इंदूरची, रामबागेत वाढलेली. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि अकरावीनंतर सगळं इंग्रजीत, आपल्याकडच्या बऱ्याच मराठी घरांत होतं तसंच माझंही झालं. गेली बारा वर्षं मी घरीच आठवी ते बारावीच्या ट्यूशन्स घेते आणि खरं सांगायचं तर शिकवण्यापेक्षा लिहून घेण्यातच माझा जास्त वेळ जातो. एप्रिलमध्ये नवीन सेशन सुरू झालं की दर वर्षी चार-पाच घरांतून तोच फोन येतो, ताई, याला सगळं येतं हो, तोंडी काहीही विचारा, पण पेपरात लिहिता येत नाही, मार्क कुठे जातात तेच कळत नाही. म्हणून एकदा बसून सगळं लिहून टाकतेय, नववीत किंवा अकरावीत नवीन आलेल्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी पण.

आधी माझं सांगते. दहावीच्या छमाही परीक्षेत इतिहासात मंदसौरच्या तहाचे, म्हणजे होळकर आणि इंग्रजांमध्ये झालेल्या तहाचे, परिणाम विचारले होते, पाच मार्कांना. आजोबांनी होळकरांच्या इतक्या गोष्टी सांगितलेल्या की मी पेन उचललं आणि सुटलेच. महिदपूरची लढाई, 21 डिसेंबर 1817, क्षिप्रेचा काठ, होळकरांच्या तोफा, नदी ओलांडून येणारं इंग्रजांचं सैन्य, अडीच पानं भरली. मिळाले दोन. शेजारी लाल पेनने एवढंच लिहिलं होतं, प्रश्न क्या था? मला खूप राग आला, कारण मी लिहिलेल्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं! घरी येऊन आईसमोर रडले. आठवडाभराने तोच प्रश्न परत वाचला तेव्हा लक्षात आलं की मी लढाई लिहिली होती आणि त्यांनी विचारलं होतं लढाईनंतर काय बदललं. म्हणजे 6 जानेवारी 1818 ला तह झाला, सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख खानदेशासकट गेला, राजपूत संस्थानांवरचे हक्क सोडावे लागले, होळकर इंग्रजांच्या संरक्षणाखाली आले आणि राजधानी इंदूरला आली. एवढ्या सहा-सात ओळीत पाच मार्क होते, आणि लढाईला फार तर एक वाक्य.

तेव्हापासून मी प्रश्नाचा शेवटचा शब्द आधी वाचते, मुलांनाही तेच करायला लावते. वर्णन कीजिए म्हटलं की काय झालं ते क्रमाने लिहायचं. कारण बताइए म्हटलं की प्रत्येक वाक्यात कुठेतरी 'क्योंकि' किंवा 'इसलिए' बसलं पाहिजे. तुलना कीजिए मध्ये पहिल्या पानावर एकाबद्दल आणि दुसऱ्या पानावर दुसऱ्याबद्दल लिहिलं तर ती तुलना होत नाही, एकाच मुद्द्यावर दोघांना समोरासमोर आणायचं असतं. आणि समीक्षा किंवा मूल्यांकन आलं की दोन्ही बाजू मांडून शेवटी तुमचं मत हवंच, तिथे मुलं हमखास घाबरतात. सीबीएसईवाल्यांना पेपर वाचायला वेगळी पंधरा मिनिटं मिळतात, त्यात लिहायची परवानगी नसते, मग निदान हे शेवटचे शब्द तरी शांतपणे वाचून घ्या, बरीच मुलं त्या वेळात आजूबाजूला बघत बसतात, फार वाईट वाटतं मला.

पण शेवटचा शब्द कळला म्हणून काम संपत नाही. मला बऱ्याच वर्षांनी, शिकवायला लागल्यावर कळलेली गोष्ट अशी की प्रत्येक विषयाचा पुरावा वेगळा असतो. इतिहासात तारीख आणि तिच्यामागचं कारण चालतं, विज्ञानात जे डोळ्याने दिसलं ते चालतं, साहित्यात ती ओळच पुरावा असते. मुलं काय करतात, हिंदीच्या निबंधात जी पद्धत शिकली, म्हणजे प्रस्तावना, महत्त्व, लाभ, हानि, उपसंहार, तीच सगळीकडे लावतात, अगदी प्रकाशसंश्लेषणाला सुद्धा प्रस्तावना!

भूगोलाचं एक सांगते. चंबल उत्तरेकडे का वाहते असा प्रश्न होता आणि माझ्या बॅचमधल्या सातही मुलांनी चंबळेची माहिती लिहून आणली, कुठून निघते, कोणकोणत्या राज्यांतून जाते, बंधारे, घडियाल, सगळं. का, ते कोणीच नाही. त्या पावसाळ्यात आम्ही त्यांना जानापावला घेऊन गेलो, महूच्या पुढे आहे, चंबळेचा उगम तिथलाच. वर उभं राहून दाखवलं, की हे माळव्याचं पठार उत्तरेला उतरत गेलंय, आणि दक्षिणेला बघा विंध्याची कड कशी एकदम खाली नर्मदेकडे तुटते. एका मुलीने बाटलीतलं पाणी खडकावर ओतलं आणि ते कुठे जातंय ते बघत तिथेच उकिडवी बसली, बराच वेळ. मग म्हणाली, ताई, म्हणजे इकडे पडलेलं पाणी चंबळेतून यमुनेला, मग गंगेला आणि पार बंगालच्या उपसागरात, आणि थोडं पलीकडे पडलं की नर्मदेतून खंभातच्या आखातात? हो, अगदी तेच. पुढच्या टेस्टमध्ये तिचं पहिलंच वाक्य होतं, 'मालवा का पठार उत्तर की ओर ढालू है, इसलिए...' आणि खाली पेन्सिलने छोटासा नकाशा, दोन बाण. भूगोलात तो नकाशा म्हणजे अर्धं उत्तर, कितीही घाई असू द्या पण काढा.

विज्ञानात काय होतं, मुलांना कृती पाठ असते, कारण पाठ नसतं. पानातल्या स्टार्चचा प्रयोग घ्या, दहावीत सगळ्यांना असतो. झाड तीन दिवस अंधारात ठेवलं, का? पानात आधीचं स्टार्च उरू नये म्हणून. मग सहा तास उन्हात. पान अल्कोहोलमध्ये उकळलं, का? हरितद्रव्य त्यात उतरतं आणि पान फिकट होतं, मग आयोडीनचा निळा-काळा रंग नीट दिसतो. अल्कोहोल सरळ आचेवर नाही ठेवायचं, गरम पाण्याच्या भांड्यात बीकर ठेवायचा, कारण ते पेट घेतं. प्रत्येक पायरीमागे एक छोटं कारण जोडलं की उत्तर आपोआप पूर्ण होतं आणि वेगळं पाठांतरही करावं लागत नाही. आकृतीतली नावं एका बाजूला, रेघा सरळ, एकमेकींना कापणाऱ्या नकोत. बस.

अकरावीला कॉमर्स घेतलेल्यांना अर्थशास्त्र नवीन असतं आणि तिथे मुलं बोलण्यासारखं लिहितात, भाव वाढला की लोक कमी घेतात, झालं. 'बाकी सगळं तसंच राहिलं तर' ही अट लिहिली नाही तर नियम अर्धाच. मी पोह्यांवर समजावते. कोपऱ्यावरच्या दुकानात पोह्यांची प्लेट महाग झाली आणि लोक कमी खायला लागले, तर आपण त्याच मागणी वक्रावर, म्हणजे कोणत्या भावाला किती खप ते दाखवणाऱ्या रेघेवर, वर सरकलो. पण पाऊस लागला, सगळ्यांना भुट्ट्याचा कीस हवासा वाटला आणि पोह्यांचा भाव तोच असूनही प्लेटी कमी खपल्या, तर अख्खा वक्रच डावीकडे सरकतो. ह्या दोन गोष्टींच्या दोन वेगळ्या आकृत्या आहेत. हा फरक ज्याला लिहिता आला त्याला पुढे वर्षभर त्रास होत नाही.

आता भाषेचं, आणि हे खास आपल्या मराठी घरातल्या मुलांसाठी, कारण बाहेरचे शिक्षक हे सांगत नाहीत, त्यांना ते दिसतच नाही. आपण मराठीत विचार करतो आणि हिंदीत लिहितो, शब्द सेम दिसतात आणि तिथेच घोळ होतो. आपल्याकडे विजय झाला, हिंदीत विजय हुई. आपला आवाज, त्यांची आवाज. पुस्तक आपल्याकडे ते, हिंदीत ती, म्हणून 'मैंने पुस्तक पढ़ी'. आत्मा, देह, तसंच. स्पेलिंगमध्ये तर हमखास, आपण शक्ती, कवी, भूमी शेवटी दीर्घ लिहितो, हिंदीत शक्ति, कवि, भूमि ऱ्हस्व. एका मुलाच्या चांगल्या निबंधात अशा अकरा चुका निघाल्या होत्या, सगळ्या मराठीतून आलेल्या, आणि त्याला वाटत होतं आपली हिंदीच कच्ची आहे. अर्थाचं तर विचारूच नका. शिक्षा म्हणजे हिंदीत शिक्षण, संसार म्हणजे जग, आपत्ति म्हणजे हरकतसुद्धा. नागरिकशास्त्रात संविधान संशोधन आलं की नवीन मुलाला वाटतं संविधानावर रिसर्च केला, कारण मराठीत संशोधन म्हणजे तेच ना. हिंदीत ती दुरुस्ती. 1976 च्या 42व्या दुरुस्तीने उद्देशिकेत समाजवादी, पंथनिरपेक्ष आणि अखंडता हे शब्द आले, आणि त्यातलं पंथनिरपेक्ष आपल्या मराठी उद्देशिकेत धर्मनिरपेक्ष आहे, तेव्हा ज्या भाषेत पेपर त्याच भाषेतला शब्द. उलटंही होतंच, गणेशोत्सवात मंडळाच्या मराठी निबंध स्पर्धेत हीच मुलं 'मुलींना शिक्षा मिळालीच पाहिजे' असं मनापासून लिहून येतात. त्यांना ओरडू नका प्लीज. वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने करा आणि असा शब्द सापडला की लिहून ठेवा, माझ्या एका विद्यार्थिनीची अशी चार पानं झालीयेत.

हिंदीची सप्रसंग व्याख्या, म्हणजे दिलेल्या ओळींचं संदर्भासह स्पष्टीकरण, सोपी आहे, संदर्भ, प्रसंग, व्याख्या, विशेष, चारही हेडिंग द्या, विशेषमध्ये अलंकार, रस, भाषा. निबंधात मात्र जरा मेहनत घ्या. स्वच्छतेवर निबंध आला की इंदूरचं प्रत्येक पोर लिहितं, इंदौर नंबर वन. 2017 पासून 2023 पर्यंत स्वच्छ सर्वेक्षणात सलग पहिले होतो, खरंच अभिमान आहे, पण तपासणारा ते वाक्य ढीगभर उत्तरपत्रिकांमध्ये वाचतो. त्यापुढे जा की. दारातच ओला-सुका वेगळा होतो, ओला कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटमध्ये जातो, फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झालेला, रोज 550 टनांची क्षमता, आणि त्या गॅसवर शहरातल्या बसेस चालतात. सकाळी गाडी येते तेव्हा आजी कोणता डबा कुठे उपडा करते ते लिहा, ते तर तुम्ही रोज बघता. 'मालव माटी गहन गंभीर, डग-डग रोटी पग-पग नीर' ही म्हण सगळे टाकतात, चांगलीच आहे, पण मग काळी माती ओलावा धरून ठेवते हेही एका ओळीत सांगा, तर ती म्हण तिथे शोभते.

इंग्रजीत माझा सल्ला एवढाच, छोटी वाक्यं, आणि शब्दमर्यादा पाळा.

सराव कसा, तर रोज एकच उत्तर, वीस मिनिटं. लिहायच्या आधी ते घरात कोणालातरी मराठीत दोन मिनिटांत सांगायचं, आजीला, आईला, कोणालाही. आजीने मधेच 'पण का रे असं?' विचारलं आणि उत्तर आलं नाही तर तेवढं परत वाचायचं. मोबाईलवरून आयतं उत्तर उतरवून आणलेलं मला दुसऱ्या ओळीत कळतं, आणि त्याने हात काही तयार होत नाही, तीन तासांच्या पेपरात लिहायचंय हातालाच. ज्यांना पुढे एमपीपीएससी, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाची परीक्षा, द्यायचीये, इंदूरच्या भंवरकुआं भागात खोली घेऊन तयारी करणारी मुलं पण येतात माझ्याकडे कधीकधी, त्यांनाही मेन्सला, म्हणजे मुख्य परीक्षेला, निबंधाचा वेगळा पेपर असतो आणि त्यांच्याही अडचणी ह्याच निघतात, फक्त वय वाढलेलं.

माझ्याकडे नवीन येणाऱ्याला पहिल्या दिवशी मी नवीन वही आणायला सांगत नाही, मागच्या वर्षीची तपासलेली उत्तरपत्रिका घेऊन ये म्हणते, ज्यात सगळ्यात कमी मार्क आहेत ती. मग आम्ही प्रश्नातला शेवटचा शब्द पेन्सिलने अधोरेखित करतो आणि उत्तरातल्या प्रत्येक वाक्यासमोर मूल स्वतःच टिक किंवा फुली करतं, हे वाक्य त्या शब्दाचं उत्तर देतंय का. मी काहीच बोलत नाही. साधारण अर्ध्या पानापर्यंत पोचलं की मूल मान वर करून माझ्याकडे बघतं, आणि मग मी त्याला कोरा कागद देते.