इंजिन वाजतंय म्हणून जाड ऑइल टाकताय? या चुका टाळा

माझ्या स्प्लेंडरच्या हेडमधून, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातून, टकटक यायला लागली. गॅरेजवाले कान लावून म्हणाले, "जरा जाड ऑइल टाकू, आवाज बसंल." कंपनीच्या पुस्तकात १०डब्ल्यू३० ही ऑइलच्या जाडीची ग्रेड लिहिलेली, पडलं त्याहून जाड २०डब्ल्यू५०. आवाज खरंच बसला. साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढताना गाडी इतकी शांत वाटली की मी खूश झालो. डिसेंबरात मात्र सकाळी किक जड लागायची, पहिला गिअर टाकला की खट्ट करून गाडी हिसका मारायची. ॲव्हरेजही उतरलं. उन्हाळ्यात इंजिन उघडलं, तर टायमिंग चेन (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर करवणारी आतली साखळी) सैल पडून तिच्या गाइडवर खोल चर पडलेला. तोवरचे चार महिने जाड ऑइलनं तो आवाज माझ्यापासून लपवला होता.

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. ऑइलचा थर दोन धातूंच्या मध्ये उशीसारखा बसतो. तो जाड झाला की ठोका मऊ ऐकू येतो, पण वाढलेली फट तेवढीच राहते. स्प्लेंडरच्या टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची, फट पुस्तकात दिली आहे तेवढीच ठेवायची असते, तीही इंजिन पूर्ण गार असताना आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून. गरम इंजिनवर अंदाजानं पाना फिरवलेला मला तरी चालत नाही. आधी टॅपेट लावून घ्या, टायमिंग चेन तपासा. ऑइलची ग्रेड पुस्तकात आहे तीच राहू द्या.

डब्यावरचा डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा गार ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, नंतरचा १०० अंश सेल्सिअसची जाडी. तिथं ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (जाडी मोजायचं एकक) आणि ५० म्हणजे १६.३ ते २१.९. फरक लहान नाही. थंडीत जाड ऑइल हेडपर्यंत उशिरा पोचतं, आणि कॅमची (हेडमधल्या, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) झीज त्या वेळात जास्त होते. म्हणून आवाज कधी येतो ते बघा. सकाळी चालू केल्यावर दोन-चार सेकंद वाजून थांबला, तर बहुतेक वेळा काळजी नसते. पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाट चढल्यावर, इंजिन तापलं की वाढत असेल, तर ऑइल जुनं होऊन पातळ झालं असेल किंवा कमी झालं असेल. बाईकमध्ये तेच ऑइल गिअरच्या दातांमध्येही चिरडलं जातं, त्यामुळे ते लवकर पातळ पडतं. ते वेळेवर बदला, त्याच ग्रेडनं.

व्हायब्रेशनसाठी ऑइल बदलणं तर निव्वळ पैसे घालवणं आहे. एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होणार, थोडी थरथर राहणारच. अचानक हँडलला मुंग्या यायला लागल्या, तर गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये रेस द्या. उभ्या गाडीतही थरथर आली, तर फाउंडेशन बोल्ट (इंजिन चेसिसला धरून ठेवणारे), सायलेन्सरचे नट बघा. फक्त पळतानाच येत असेल, तर मागच्या चाकाची चेन, चाकाचे बेअरिंग आणि टायर बघा.

कारचं उरलेलं ऑइल बाईकमध्ये ओतू नका. बाईकची क्लच प्लेट ऑइलमध्ये बुडालेली असते आणि कारच्या कित्येक ऑइलमध्ये घसरण वाढवणारे घटक असतात. त्यानं क्लच घसरतो; घाटात रेस वाढते, गाडी पुढे सरकत नाही. गिअरच्या बाईकसाठी डब्यावर जासो (जपानी ऑइल मानक) एमए किंवा एमए२ असलेलं घ्या. एमबी स्कूटरसाठी.

आणि डबा आणलाय म्हणून सगळा रिकामा करू नका. ऑइल जास्त झालं की ते घुसळून फेस होतो, आणि फेसाळ ऑइल वंगण नीट देत नाही. गाडी डबल स्टँडवर सपाट जागी लावा, दोन-तीन मिनिटं चालू ठेवून बंद करा, तेवढंच थांबा. डिपस्टिक पुसून, स्प्लेंडरला आटे न फिरवता, नुसती टेकवून बाहेर काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये दिसलं की डब्याचं झाकण लावा.