जाड, गोलसर फॉन्ट वापरताय? या चुका टाळा

लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानासाठी मी 'शुद्ध तुपातली मिठाई' असा बोर्ड केला होता. स्क्रीनवर छान दिसत होता. वर चढवल्यावर समोरच्या फुटपाथवरून बघितलं, तर 'द्ध'च्या जागी नुसता काळा गोळा. फॉन्टला एकच वजन, म्हणजे एकच जाडी होती, आणि मी त्यावर बोल्डचं बटण दाबलं होतं.

ही चूक फार जण करतात. फॉन्टमध्ये खरा बोल्ड नसला की सॉफ्टवेअर अक्षराची कड सगळीकडून फुगवतं आणि आतली पोकळी भरते. जाड अक्षर वाचता येतं ते त्या उरलेल्या पोकळीमुळेच. फॉन्ट बनवणाऱ्या मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मोदक' घ्या. त्यात पोकळ्यांच्या जागी मुद्दामच बारीक चिरा ठेवल्या आहेत, म्हणून तो दोन-तीन शब्दांच्या मोठ्या मथळ्यालाच शोभतो. पत्ता, वेळ, फोन नंबर त्यात लावू नका. जाडी कमीजास्त हवी असेल तर त्यांचाच 'बलू २' घ्या, त्यात रेग्युलरपासून एक्स्ट्रा बोल्डपर्यंत पाच वजनं आहेत. दोन्ही फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतात.

पांढरी आउटलाइनही पोकळीच्या मुळावर येते. ती कडेच्या दोन्ही बाजूंना पसरते, म्हणजे अर्धी अक्षराच्या अंगावर चढते. कोरलड्रॉमध्ये 'बिहाइंड फिल' निवडा, मग ती अक्षराच्या मागे जाते.

शब्द ऐसपैस दिसावा म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. इंग्रजीत ते चालतं, आपल्याकडे शिरोरेखा तुटते. जागा उरत असेल तर अक्षर मोठं करा. ओळी फार जवळही आणू नका, वरचा उकार खालच्या रफारात घुसतो.

जुन्या फोटोशॉपमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडली, जोडाक्षरं सुटली, तर फॉन्ट बदलत बसू नका. टाइपच्या प्रेफरन्समध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट चालू करा. श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर युनिकोड फॉन्टमध्ये थेट चिकटवला तर भलतीच अक्षरं उमटतात, तो आधी कन्व्हर्टरमधून काढा. नंतर 'ऱ्या' मात्र डोळ्यांनी तपासा. केटररच्या बोर्डावर 'आचाऱ्यांची'च्या जागी 'आचार्यांची' छापून गेलं तर अर्थच बदलतो.

छपाईआधी कागदावर प्रिंट काढाच. दहा फुटी बोर्ड पन्नास फुटांवरून वाचला जाणार असेल, तर आडव्या ए-फोर कागदावर तो साधारण एक फुटाचा होतो. तो भिंतीला लावा, पाच फूट मागे जा आणि ज्याने मजकूर आधी वाचलेला नाही अशा कुणाला तरी वाचायला सांगा. 'द्ध', 'ष्ट', 'क्ष' यांपाशी तो अडखळला, तर एक वजन कमी करून पुन्हा प्रिंट काढा.