एक्सेलमधले बिंदू ऑटोकॅडमध्ये नावासकट आणताना : माझा अनुभव

शेताच्या मोजणीचे ३१२ बिंदू एक्सेलमध्ये होते; ते ऑटोकॅड या आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये आणायचे होते. नाव, ईस्टिंग (पूर्वेकडचं अंतर), नॉर्दिंग (उत्तरेकडचं अंतर). हाताने टाकायचे तर चुका होणारच, म्हणून शेजारच्या रकान्यात सूत्र लिहून प्रत्येक ओळीची आज्ञा बनवली: डॅश-टेक्स्ट (मजकूर लिहिण्याची आज्ञा), मग स्वल्पविरामाने जोडलेले ईस्टिंग-नॉर्दिंग, अक्षरांची उंची ०.५, कोन ०, शेवटी नाव. रकाना नोटपॅडमध्ये चिकटवला, फाइल एससीआर म्हणून, म्हणजे ओळीने आज्ञा देणारी स्क्रिप्ट म्हणून, जतन केली आणि ऑटोकॅडमध्ये चालवली.

बिंदू आले, पण 'पी१२' ऐवजी '० पी१२'! सगळी नावं किंचित तिरकीही होती. दोन तास मी सूत्रच तपासत बसलो. दोष तिथे नव्हताच. चालू टेक्स्ट स्टाइलमध्ये, म्हणजे अक्षरांच्या ठरवलेल्या शैलीत, उंची आधीच ठरवलेली होती. अशा वेळी ऑटोकॅड उंची विचारतच नाही, म्हणून माझा ०.५ कोन म्हणून गेला आणि शून्य नावाला चिकटलं. स्टाइलमधली उंची ० केली, तेव्हा सगळं सरळ झालं.

काही नावं मात्र शेजारच्या जुन्या रेषांच्या टोकांवर जाऊन बसली होती. हे जास्त धोकादायक, कारण चूक नजरेत भरत नाही. स्क्रिप्ट चालताना ओस्नॅप (रेषांच्या टोकांसारख्या जागा आपोआप पकडणारी सोय) सुरू असेल तर बिंदू जवळच्या टोकाकडे ओढला जातो. एफ३ दाबून तो बंद केला, पुन्हा स्क्रिप्ट चालवली आणि बिंदूचे आकडे दाखवणाऱ्या आयडी आज्ञेने दहा बिंदू एक्सेलशी ताडून पाहिले. दहाही जुळले.